कब कॅडेट १४९: पन्नाशी उलटलेल्या गार्डन ट्रॅक्टरचा भाव काढताना

मागणी १,४०० डॉलर. जाहिरातीत फोटो चार, त्यांतले तीन एकाच बाजूचे. यंत्र इंटरनॅशनल हार्वेस्टरचं कब कॅडेट १४९, सोबत गवत कापायचं ४४ इंची डेक, बर्फ ढकलायचं ५४ इंची पातं आणि मागच्या चाकांची बिडाची वजनं. खाली एक ओळ: "उत्तम चालतो, फक्त बॅटरी टाकावी लागेल." ओहायोच्या ग्रामीण भागात अशा जाहिराती वर्षभर दिसतात आणि ही ओळ जवळपास प्रत्येकीत असते. तिचा अर्थ एवढाच घ्यायचा की यंत्र आत्ता चालू करून दाखवायची सोय नाही. म्हणून बघायला जाताना चार्ज केलेली १२ व्होल्टची बॅटरी मी स्वतःच नेतो. सोबत ताजं पेट्रोल, प्लग पाना, विजेरी, वीतभर लाकडी दांडी आणि मळले तरी चालतील असे कपडे. यंत्राखाली पाठीवर झोपल्याशिवाय भाव कळत नाही.

ओहायो, मिशिगन, इलिनॉयला शहराबाहेर एक-दोन एकर घेणारी मराठी कुटुंबं आता बरीच आहेत. गवत कापायचं, हिवाळ्यात शंभर-दोनशे फुटांचा रस्ता मोकळा करायचा, मागे मिरच्या-वांग्यांचा तुकडा नांगरायचा, एवढं सगळं एका यंत्राकडून हवं असतं. मोठ्या दुकानातला नवा लॉन ट्रॅक्टर यातलं पहिलंच काम नीट करतो. त्याची फ्रेम पातळ पत्र्याची असते आणि मागचा गिअरबॉक्स जमिनीत नांगर ओढण्यासाठी केलेलाच नसतो. साठ-सत्तरच्या दशकातल्या गार्डन ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी. इंटरनॅशनल हार्वेस्टरने पहिलं कब कॅडेट १९६१ मध्ये केंटकीतल्या लुईव्हिलच्या कारखान्यातून काढलं, तेव्हा त्याचा मागचा भाग त्यांच्या फार्मॉल कब या शेती-ट्रॅक्टरच्या धर्तीवरच बेतला होता. इंजिनपासून मागच्या चाकांपर्यंत ताकद लोखंडी शाफ्टने जाते, मध्ये पट्टा नाही. १४९ हे मॉडेल १९७१ ते १९७४ चं: कोहलरचं के-३२१ इंजिन, एक सिलिंडर, १४ अश्वशक्ती, ब्लॉक बिडाचा, आणि गिअरऐवजी सँडस्ट्रँडचा हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबाने चाकं फिरवणारा, पंप. १९८१ मध्ये हा धंदा एमटीडी या कंपनीकडे गेला, पण नाव टिकलं. या यंत्रांच्या मागे लागलेले हौशी लोकही अमाप, त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात. भावात ही गोष्ट मोठी आहे. भाग मिळत नसलेलं यंत्र कितीही देखणं असलं तरी त्याला मी भंगाराच्या वर थोडंच धरतो.

आधी बाजारभाव. जाहिरातीतला आकडा म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. सौदा झालेला आकडा म्हणजे भाव. म्हणून लिलावाच्या संकेतस्थळांवर 'विकले गेले' ही गाळणी लावून बघायचं, गावोगावच्या लिलावांचे निकाल बघायचे आणि तीन-तीन महिने तशीच लटकलेली जाहिरात हिशेबातून काढून टाकायची. मिडवेस्टात गेल्या काही वर्षांत माझ्या बघण्यात आलेले सौदे ढोबळ मानाने असे: इंजिन जाम, पण पत्रा शाबूत असेल तर १५० ते ३००. चालू, पण धूर, गळती, काहीतरी कुरबुर असेल तर ४०० ते ७००. थंडीत पटकन सुरू होणारं, गरम झाल्यावरही चढ ओढणारं, कोरडं यंत्र ८०० ते १,२००. हे सगळे नुसत्या ट्रॅक्टरचे, अवजारं वेगळी. रंग देऊन चकाचक केलेल्याला २,००० मागतात, पण रंगाखाली काय आहे हे दिसत नसल्याने मला उलट मळकं, जुन्या रंगाचं यंत्र बरं वाटतं. तेल कुठून गळतं ते त्यावर स्पष्ट दिसतं.

फोनवर दोनच गोष्टी बोलायच्या. मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. आणि डेकला पट्टा पोचवणारा म्यूल ड्राइव्ह आहे का? दुसऱ्याचं कारण पुढे येईल. पहिल्याचं कारण सरळ आहे: गरम इंजिन आपली सगळी दुखणी लपवतं. पोचल्यावर आधी सिलिंडरच्या फिन्सना हात लावायचा. कोमट लागल्या तर एक तासाने परत येतो म्हणून सांगायचं.

थंड इंजिनाचं पहिलं काम डिपस्टिक. तेलाला पेट्रोलचा वास आला तर कार्ब्युरेटरची नीडल गळते आहे आणि पातळ झालेल्या तेलावर इंजिन किती तास फिरलं कुणास ठाऊक. या इंजिनात तेलाचा पंप नाही. कनेक्टिंग रॉडच्या खालचं पातं तेल उडवतं, तेवढंच वंगण. रॉड अ‍ॅल्युमिनियमचा आहे आणि तो क्रँकवर थेट बसतो, मध्ये बदलता येणारं बेअरिंग नाही. तेल कमी पडलं किंवा पातळ झालं की रॉड आधी झिजतो, मग तुटतो, आणि तुटलेला तुकडा ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. म्हणून डिपस्टिकवरचा थेंब बोटांत चोळून विजेरीखाली बघायचा. चंदेरी झाक दिसली तर रॉडची भुकटी तेलात उतरलेली आहे. मग ते इंजिन चालू स्थितीत असलं तरी मी त्याला 'दुरुस्तीला आलेलं' धरूनच हिशेब करतो.

कॉम्प्रेशन तपासायला गेज लावणारे बरेच भेटतात. या इंजिनावर ते फसवं आहे. कॅमशाफ्टवर स्टार्टच्या वेळी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरणारी यंत्रणा आहे, म्हणून सेल्फच्या वेगाला गेज नेहमीच कमी दाखवतो आणि चांगलं इंजिनही मेलेलं वाटतं. सोपी पद्धत अशी: प्लगची वायर काढून बाजूला करायची, प्लग जागेवरच ठेवायचा आणि पुढच्या पुलीला धरून इंजिन उलट्या दिशेने फिरवायचं. उलट फिरताना ती यंत्रणा काम करत नाही. पिस्टन दाबापाशी आला की पुली हाताला जोरात परत ढकलते. जोरात म्हणजे दुसऱ्यांदा फिरवताना आपण सावध होतो इतकी. नुसतीच जड लागून हळूहळू ओलांडून गेली, तर दाब कुठून तरी निसटतो आहे. नेमका कुठून हे बघायला लीकडाउन गेज लागतो: पिस्टन वरच्या टोकाला धरून सिलिंडरमध्ये हवा सोडायची आणि कान लावायचा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक, ब्रीदरमधून आली तर रिंगा. व्हॉल्व्हचं काम घरी होतं. थंड इंजिनाला इनटेकची फट हजारांश इंचात ८ ते १० आणि एक्झॉस्टची १७ ते २० लागते. सीट झिजून ती फट बुजली की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि दाब जातो. रिंगांचं काम मात्र बोअरपर्यंत, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भोकापर्यंत जातं. बोअर १०, २० आणि शेवटी ३० हजारांशपर्यंत मोठा करता येतो. आधीच ३० झालेला असेल तर पुढे स्लीव्ह, म्हणजे आत नवी नळी बसवणं, आणि तो खर्च अशा ट्रॅक्टरला परवडत नाही. पिस्टनच्या माथ्यावर हे माप बहुधा ठोकलेलं असतं, पण हेड उघडल्याशिवाय दिसत नाही आणि अनोळखी माणसाच्या दारात हेड उघडू देणारा मालक विरळा. म्हणून त्या अनिश्चिततेचे पैसे आधीच कापून ठेवायचे.

रॉडचा प्ले तपासायला प्लग काढायचा, लाकडी दांडी पिस्टनच्या माथ्यावर टेकवायची आणि पिस्टन वरच्या टोकाच्या जरा खाली असताना पुली मागेपुढे हलकेच हलवायची. पुली हलते पण दांडी थांबून मग हलते, आणि मध्ये बारीकसा टक् असा धक्का हाताला लागतो, तो रॉडचा प्ले. या १४९ मध्ये तो नव्हता. उलटा धक्काही चांगला बसला. इंजिनाच्या आवरणावरची पट्टीही वाचून घेतली. के-३०१ आणि के-३२१ बाहेरून जुळे दिसतात आणि चाळीस-पन्नास वर्षांत कुणीतरी १४ च्या जागी १२ अश्वशक्तीचं बसवलेलं असणं अगदी नेहमीचं. पट्टीवर के-३२१ च होतं. अर्थात आवरणसुद्धा बदलता येतं, म्हणून हा पुरावा पक्का नाही, इशारा आहे.

के-३२१ मध्ये आणखी एक गोष्ट आत लपलेली असते: थरथर कमी करायला बसवलेले दोन बॅलन्स गिअर. त्यांची बेअरिंगं झिजली की गिअर निसटून क्रँक आणि कॅमच्या मध्ये येतो, आणि मग ब्लॉकच जातो. जाणते मेकॅनिक इंजिन उघडलं की ते काढूनच टाकतात. थरथर थोडी वाढते, एवढंच. 'इंजिन बांधलंय' असं मालक सांगत असेल तर बॅलन्स गिअर काढले का, हा प्रश्न विचारायचा. "काय काढले का?" असं उत्तर आलं तर ते बांधणं म्हणजे रिंगा बदलून गॅस्केट मारणं, असं समजायचं.

आता माझी बॅटरी लावून सेल्फ. १४९ ला वेगळा स्टार्टर नाही. एकच डबा पट्ट्याने इंजिन फिरवतो आणि इंजिन सुरू झालं की तोच जनरेटर होतो. पट्टा सैल असेल तर तो नुसताच किंचाळतो, ब्रश संपले असतील तर इंजिन दाबापाशी येऊन अडखळतं. इथे अडखळलं. पट्टा ताणलेला होता, बॅटरी माझीच, म्हणजे ब्रश. पंचवीस डॉलरचं काम. पण सेल्फ गेला म्हणून यंत्र भंगारात काढणारेही असतात, त्यामुळे मालकासमोर फार हळहळ दाखवायची नाही. दुसऱ्या दणक्याला सुरू झालं. सुरू होताना निळसर धूर दोन-चार सेकंद आला आणि थांबला. या वयाला ते माफ. पाच मिनिटांनीही येत राहिला असता तर रिंगा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. कार्ब्युरेटरच्या स्क्रूने सुटणारी गोष्ट.

मात्र कमी रेसला इंजिन वरखाली होत होतं, गव्हर्नर सारखा शोधत राहावा तसं. थ्रॉटलच्या शाफ्टला दोन बोटांत धरून हलवलं तर तो डगमगत होता आणि कार्ब क्लीनरचा एक फवारा तिथे मारला की इंजिनाचा सूर बदलत होता. बिडाच्या कार्ब्युरेटरमध्ये स्टीलचा शाफ्ट वर्षानुवर्षं घासतो, भोक लांबट होतं आणि तिथून जास्तीची हवा आत जाते. बुश बसवून घ्यायचे चाळीसेक डॉलर. 'कार्ब्युरेटर साफ केला की होईल' असं मालक म्हणतो, पण झीज साफसफाईने जात नाही.

पुढच्या बाजूला, क्रँकच्या टोकावर, हाताने चालवायचा पीटीओ, म्हणजे अवजारांना ताकद देणारा, क्लच आहे. डेक आणि बर्फाचा ब्लोअर दोन्ही इथूनच फिरतात. या ट्रॅक्टरमधलं सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात महाग दुखणं इथे सापडतं. पुलीच्या आतलं बेअरिंग क्रँकवर बारीक स्क्रूंनी आवळलेलं असतं. स्क्रू सैल झाले की बेअरिंगची आतली कडी क्रँकवरच फिरायला लागते आणि क्रँकचं टोक खाऊन टाकते. इंजिन बंद करून पुली दोन्ही हातांनी वर-खाली, आत-बाहेर हलवायची. थोडी फिरती मोकळीक चालते. डुगडुग चालत नाही. डुगडुग असेल तर क्लच बाहेर काढून क्रँक बघितल्याशिवाय पैसे बोलायचे नाहीत. क्रँक खाल्लेला असेल तर इंजिन पूर्ण उघडावं लागतं, म्हणजे किमान तीनशे डॉलरची वजावट आणि वर आपला वेळ. इथे पुली पक्की होती. तिच्या मागे मात्र तेलाची ओल होती: पुढचं ऑइल सील. सील पंधरा डॉलरचं, पण क्लच उतरवल्याशिवाय हात पोचत नाही.

आता हायड्रो, म्हणजे चाकं चालवणारा तो पंप. इथे घाई केली की पैसे गेलेच. थंड तेल घट्ट असतं आणि झिजलेला पंपही थंडीत व्यवस्थित ओढतो. म्हणून वीस-तीस मिनिटं यंत्र चालवायचं: अंगणात, पुढे-मागे, शक्य झाल्यास पातं खाली टेकवून. तोवर डेकखाली डोकावणं, टायर बघणं चालू ठेवायचं. मग चढावर न्यायचं. या मालकाच्या घरामागे ओढ्याकडे उतरणारा बऱ्यापैकी उतार होता. चढताना वेग हळूहळू मरत गेला. इथे दोन कारणं असू शकतात आणि त्यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वेगाची दांडी घर्षणाने जागेवर राहते. ती घर्षणाची चकती सैल झाली की चढावर दांडी आपोआप न्यूट्रलकडे सरकते. दांडी हाताने घट्ट धरून पुन्हा चढायचं. वेग टिकला, म्हणजे चकती. एक नट आवळायचा. धरूनही वेग मेला असता तर पंप, आणि झिजलेल्या पंपाचा ट्रॅक्टर मी पार्टच्या भावापलीकडे घेत नाही. इथे वेग टिकला.

दुसरी खोड अशी की दांडी इंचभर हलवली तरी यंत्र जागचं हलत नव्हतं आणि मग एकदम झटका मारून सुटत होतं. ब्रेकचं पेडल दाबल्यावर दांडी न्यूट्रलला यायला हवी, तीही पुरती येत नव्हती. यंत्र मुंगीच्या पावलाने पुढे सरकत राहायचं. कब कॅडेटच्या हायड्रोतलं हे घराण्याचंच दुखणं: दांडीच्या इशाऱ्यावर पंपातली चकती कलती करणारा आस, म्हणजे ट्रनियन, त्याच्या खाचा झिजून रुंद होतात. दुरुस्ती म्हणजे त्या खाचा वेल्डिंगने भरून पुन्हा कानशीने मूळ मापाला आणायच्या. सामान जेमतेम साठ डॉलरचं, सीलसकट. पण तिथवर पोचायला मागचा भाग फ्रेमपासून सोडवावा लागतो, म्हणजे एक पूर्ण दिवस गेला. हे काम ज्याला स्वतः करायचं नाही त्याने पुढचा सगळा हिशेब विसरून जावा, कारण मजुरीच ट्रॅक्टरच्या निम्म्या किमतीपर्यंत जाते.

तेल बघायला मागच्या बाजूचा लेव्हल प्लग सैल करून दोन थेंब बोटावर घ्यायचे. यात हाय-ट्रॅन नावाचं तेल लागतं, सुमारे ७ क्वार्ट. ते पाणी पोटात धरून ठेवतं आणि मग ताकासारखं पांढुरकं होतं. उघड्यावर राहिलेल्या यंत्रात हे हमखास. पांढुरकं असलं म्हणून घाबरायचं नाही, तेल आणि फिल्टर बदलायचे. पण त्या तेलावर किती हिवाळे काढले हे विचारायचं, कारण पाणी गोठलं की तेलाचा मार्ग अडतो. इथलं तेल फिकट होतं, फार वाईट नाही.

स्टिअरिंग, पुढचा आस, चाकांची बेअरिंगं यांत फार वेळ घालवत नाही. पुढचं चाक जमिनीवरून उचलून हलवायचं. प्ले सगळीकडे सापडतो आणि बहुतेक ठिकाणी बुश किंवा पिन बदलून जातो. टायर मात्र बघायचे. मागचे २३×१०.५०-१२ मापाचे, हिरवळीवरचे गुळगुळीत टायर होते, दोन्हींना कडेने तडे. त्यात वजनासाठी पाणी किंवा कॅल्शियम क्लोराइड भरलेलं असेल तर रिम आतून गंजलेली असते. व्हॉल्व्हच्या भोवती पांढरा चुरा दिसतो. इथे नव्हता. जोडीचे सव्वादोनशे डॉलर धरले.

पत्र्याचा हिशेब मनात वेगळा ठेवायचा. हूड, ग्रिल आणि मडगार्ड मूळचे आणि शाबूत असतील तर यंत्र पुढे विकताना उपयोगी. डेकचं कवच मात्र उपयोगाचं आहे, शोभेचं नाही. ओलं गवत खाली चिकटून राहतं आणि पत्रा वरून चांगला दिसत असताना खालून कुजतो. डेकखाली जाऊन जुन्या स्क्रूड्रायव्हरने पाती फिरवणाऱ्या स्पिंडलभोवती टोचून बघितलं, स्क्रूड्रायव्हर कुठे घुसला नाही. तिन्ही स्पिंडलची बेअरिंगं मात्र खरखरत होती.

आता म्यूल ड्राइव्ह. पुढच्या उभ्या पुलीवरून आलेला पट्टा वळवून आडव्या डेकपर्यंत नेणारा हा दोन पुल्यांचा सांगाडा. तो नसेल तर डेक म्हणजे लोखंडाचा पाट. आणि तो कुठलाही चालत नाही: कब कॅडेटच्या १९७१ पूर्वीच्या अरुंद फ्रेमचं सामान आणि नंतरच्या रुंद फ्रेमचं सामान एकमेकांना लागत नाही. जाहिरातीतल्या फोटोत शेजारी उभं केलेलं अवजार त्याच ट्रॅक्टरचं आहे असं धरून चालायचं नाही. मालकाला समोर जोडून दाखवायला लावायचं. पात्यासाठी उचलायची दांडी, कोन बदलायचा हँडल आणि पिना, हे सगळं मोजून घ्यायचं. पिना हरवल्या तर मिळतात. उचलायची दांडी नसेल तर शोधत फिरावं लागतं. इथे सगळं होतं, म्यूल ड्राइव्ह गॅरेजच्या भिंतीवर टांगलेला.

हिशेब असा मांडला. चांगल्या १४९ चा भाव हजार. कवच शाबूत असलेलं डेक म्यूल ड्राइव्हसकट दोनशे, पातं पावणेदोनशे, वजनांची जोडी शंभर. बेरीज १,४७५. मालकाची मागणी या आकड्याच्या जवळच होती. चूक एवढीच की त्याने आपला ट्रॅक्टर 'चांगल्या'त धरला होता. आता वजाबाकी: ट्रनियनचं सामान ६०, मागचे टायर २२५, बॅटरी ६०, स्पिंडलची बेअरिंगं ६०, सेल्फचे ब्रश २५, ऑइल सील १५, थ्रॉटलचे बुश ४०, हाय-ट्रॅन आणि फिल्टर ८०. एकूण ५६५. त्यावर न दिसलेल्या गोष्टींसाठी, म्हणजे बॅलन्स गिअर आणि बोअर, १५०. उरले ७६०. माझी मजुरी यात धरलेली नाही. ज्याला हे काम करायला आवडतं त्याने ती धरू नये आणि ज्याला आवडत नाही त्याने सव्वापट दर देऊन दुरुस्त केलेला ट्रॅक्टर घ्यावा. ते स्वस्त पडतं.

खालच्या बाजूने पडताळाही घ्यावा. हेच यंत्र मोडून विकलं तर? चालू इंजिन साडेतीनशे, हायड्रोसकट मागचा भाग दोनशे, डेक, पातं, वजनं, पत्रा मिळून सहाशेच्या आसपास. साडेअकराशे दिसतात, पण ते विकायला वर्ष लागतं, खोकी बांधावी लागतात, निम्मं सामान पडून राहतं. हातात सहाशे येतील. म्हणजे साडेसातशेला घेतलं आणि उद्या इंजिनाने जीव सोडला, तर बुडतील ते दीडशे. एवढी जोखीम ठीक.

इतर यंत्रांना हीच पद्धत, फक्त टोचायच्या जागा वेगळ्या. १९७४ नंतरच्या कब कॅडेटमध्ये, म्हणजे १२५०, १४५०, १६५० मध्ये, इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलेलं आहे. रबर कुजलं की इंजिन नाचतं आणि शाफ्टची भोकं लांबट करून टाकतं. त्यांच्या इंजिनाच्या बाजूचे पत्रे तर बहुधा हरवलेलेच असतात. जॉन डिअर ३१८ देखणा, मागणी दीडपट, पण त्यात ओनानचं दोन सिलिंडरचं इंजिन आहे आणि त्याचे भाग महाग आणि दुर्मीळ होत चाललेत. धूर ओकणारा ३१८ म्हणजे नवं इंजिन बसवायचा खर्च, असंच मी समजतो. इंडियानातल्या साउथ बेंडच्या व्हील हॉर्समध्ये मागचं चाक धरून पुढे-मागे हिसका मारायचा. हबची चावी सैल असेल तर आसाची खाच गेलेली असते. साध्या आठ गिअरच्या व्हील हॉर्सला तेवढं सोडलं तर फारसं काही होत नाही. पहिल्यांदाच घेणाऱ्याला मी हायड्रोपेक्षा तोच सुचवीन.

घासाघीस करताना कागद दाखवलेला चांगला. अमेरिकन मालकाला 'काही कमी करा ना' म्हटलेलं रुचत नाही. पण टायर अमुक, बेअरिंगं अमुक, असे आकडे मांडले की तो स्वतःच बेरीज करायला लागतो. ७०० म्हणालो. तो १,१०० वर आला, मग ९००. ट्रनियनचा झटका त्याला माहीत होता, "ती त्याची सवय आहे" म्हणाला. चढावर हात दांडीवर ठेवून त्याने स्वतः एक फेरी मारली आणि ८०० वर सौदा झाला. माझी वरची मर्यादा ८२५ होती. ऋतूचाही हात होता: मार्चमध्ये पात्याला गिऱ्हाईक नसतं. तेच ऑक्टोबरात असतं तर पातं एकटंच अडीचशेला गेलं असतं आणि डेक फुकट मिळालं असतं.

इथे गार्डन ट्रॅक्टरला आरसी बुक नाही, नोंदणी नाही, त्यामुळे विक्रीची चिठ्ठी लिहून घ्यायची: तारीख, रक्कम, मॉडेल, अनुक्रमांक, दोघांच्या सह्या. अनुक्रमांकाची पट्टी खरवडलेली किंवा नव्याने रिव्हेट मारलेली दिसली तर सौदाच नको.

डेक आणि पातं काढल्यावर ट्रॅक्टर सात-आठशे पौंडांचा राहतो, पाच बाय आठ फुटांचा ट्रेलर पुरतो. सुरू होत असेल तर चालवतच चढवायचा, तेही रिव्हर्समध्ये, म्हणजे जड बाजू ट्रेलरच्या पुढच्या टोकाला येते. बंद पडलेला हायड्रो नुसता ढकलून हलत नाही. पंपावरच्या दोन रिलीफ व्हॉल्व्ह दाबून धराव्या लागतात, तेव्हा कुठे चाकं मोकळी फिरतात. त्या कुठे आहेत हे मालकाला माहीत नसतं, म्हणून विंच सोबत असलेली बरी. वजनं चाकांवरून उतरवून ट्रेलरच्या तळाशी बांधायची, आणि म्यूल ड्राइव्ह विसरायचा नाही. भिंतीवरचं सामान भिंतीवरच राहतं.